चित्रकाराच्या मांडीवरचा कोरा कागद

अप्पा,

दौतीच्या काठावर तुम्ही टाक टेकवायचात, टिक, टिक, दोनदा. मग जाड कागदावरची खरखर. पंचाहत्तरी उलटली माझी, मांबलम स्टेशनाच्या आगगाड्या दिवसभर खिडकीखालून जातात, तरी तो आवाज येतोच.

तंजावरच्या घरी एका जुन्या विलायती पुस्तकातलं चित्र तुम्ही शाईने उतरवलं होतंत. झाडाखाली दगडावर बसलेला चित्रकार, मोठी टोपी, समोर दरी, मांडीवर कागद. तो कागद कोराच. मला वाटे, तुम्ही विसरलात. अक्काला शेजारी बसवून तुम्ही टाक धरायला शिकवायचात आणि मला म्हणायचात, "तू आपली कविता म्हण बाबा. रेघ कुठे थांबवायची ते तुला यायचं नाही." मी ओसरीवर बसून शाळेतल्या कविता म्हणे, मोठ्याने, आत कुणी ऐकावं म्हणून.

सरस्वतीपूजेला पुस्तकं, दौत, टाक, सगळं देवीपुढे. त्या दिवशी अक्षर लिहायचं नाही, रेघ ओढायची नाही. दुपारी घर झोपलंय. मी हळूच टाक उचलतो आणि चित्रातल्या त्या कोऱ्या कागदावर आपल्या देवळाचं गोपुर काढतो. छान जमलं, असंच वाटतं.

विजयादशमीला सकाळी तुम्ही विचारलंत, "देवीपुढचा टाक कोणी उचलला?"

"अक्काने," मी म्हणालो.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "त्या चित्रकाराला काय दिसतंय ते त्याचं. आपण का भरायचं?" सगळ्यांची पुस्तकं परत दिलीत, टाक मात्र कपाटात गेला. पुढच्या दसऱ्याआधी तिचं लग्न झालं. तिने पुन्हा कधी टाक मागितला नाही.

गेल्या आठवड्यात नातीने कंप्युटरवर मूळ चित्र शोधून दाखवलं. मला ती ताता म्हणते. "ताता, पेपर ब्लँकच आहे बघा. तो अजून बघतोयच." तुम्ही विसरला नव्हतात तर.

तेव्हापासून तुम्हाला लिहायला बसतोय. तुम्हाला सांगणं सोपं. तुम्ही उलटून काही विचारत नाही.

बेल वाजतेय. या वेळी कोण? दाराबाहेर धापा टाकत कुणीतरी बोलतंय, "उघड रे! कुंभकोणमपासून एकटी आले, आता तुझ्या तीन जिन्यांनी मारतोस का मला? कविता म्हणत बसलायस होय अजून?"

अक्का. ऐंशीची. न कळवता.

अप्पा, हे सगळं तिला सांगायचं होतं, आणि मी तुम्हाला लिहीत बसलो. कागद इथेच राहू दे. दार उघडतो.