रबराची मुळाक्षरं

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितोय, तेही स्वतःच्याच अडचणीसाठी. नारायणगुड्याच्या त्या मराठी शाळेत तुम्ही आम्हाला पहिली ते चौथी शिकवलंत. मी खिडकीजवळ तिसऱ्या रांगेत बसायचो, आणि पाटीच्या चारही कडा ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय लिहायला घ्यायचो नाही. तुम्ही म्हणायचात, "अरे, पाटीला काय लग्नाला न्यायचंय? लिही की आता." आज मी तिशीला आलोय. मला चार वर्षांची मुलगी आहे, ती दिलसुखनगरला आमच्या घराजवळच्या शाळेत एल.के.जी.त जाते, आणि तिच्या शाळेच्या डायरीमुळे गेले तीन आठवडे माझं जेवणात लक्ष नाही.

दर महिन्याला त्या डायरीत एक छापील कागद चिकटवून येतो. पुढच्या महिन्यात वर्गात काय काय होणार, ते त्यावर असतं. या वेळी होतं : पहिल्या सोमवारी हिरवा दिवस, म्हणजे कपडे हिरवे आणि डब्यातही हिरवंच, बुधवारी मणी ओवणं, आणि शेवटच्या शुक्रवारी 'लेटर डे', म्हणजे एकेका मुलानं सगळ्या पालकांसमोर फळ्यावर तीन अक्षरं लिहायची. खाली जाड ठशात, घरी रोज वीस मिनिटं सराव घ्यावा, पालकांनी तपासून सही करावी. मी तो कागद चार वेळा वाचला. बुधवारच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'डी' राहिला होता. तो मी पेन्सिलनं भरला, मग शाळेला वाईट वाटेल म्हणून खोडला, मग खोडल्याचा डाग दिसतोय म्हणून पुन्हा खोडला. बायको म्हणाली, "अहो, कागद फाटेल. हिरव्या डब्याचं बोला. गोंगूऱ्याच्या पाल्याची चटणी दिली तर पोरगी ड्रेसला फासून येईल."

सरावाचे तुम्हाला ठाऊक नसलेले प्रकार आहेत, बाई. आमच्या वेळी तुम्ही सरळ 'ग' काढून द्यायचात. इथे आधी स्टँडिंग लाइन, म्हणजे उभी रेघ, मग स्लीपिंग लाइन, म्हणजे आडवी, मग तिरकी. पान पान भरून रेघा. मुलगी विचारते, "बाबा, ही स्लीपिंग लाइन कधी उठणार?" मी सांगतो, सकाळी. मग ती कागद उभा धरते आणि म्हणते, "उठली! अयिपोयिंदी!" झालं, संपलं, हे ती कायम तेलुगूतच सांगते, खेळायला सगळी तेलुगू मुलंच आहेत. मी मात्र प्रत्येक रेघ पट्टीच्या बाजूला धरून तपासायचो आणि खाली तारीख घालून सही करायचो. माझी शाळा नववीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे. प्रवेशाच्या वेळी त्यांनी आई-वडिलांचं शिक्षण विचारलं, तेव्हा बायकोनंच पटकन स्वतःचं बारावी सांगितलं आणि मी खुर्चीच्या हातावरचा स्क्रू बघत बसलो. म्हणून सही तरी नेटकी असावी, असं मला वाटायचं.

रेघा संपल्या आणि अक्षरं आली, तेव्हा मला तुमची धुळाक्षरं आठवली. पितळी परातीत बारीक रेती पसरून तुम्ही एकेकाचं बोट धरून त्यात अक्षर गिरवून घ्यायचात. "बोटाला कळलं की डोळ्याला कळतं," असं म्हणायचात. मी आबिड्सला एका रबरी शिक्के करणाऱ्याच्या दुकानात काम करतो. ऑफिसांचे शिक्के, डॉक्टरांचे, शाळांचे. गिऱ्हाईक कागद देतं, मी संगणकावर अक्षरं जुळवतो, त्याची पट्टी तयार होते, ती कापून लाकडी मुठीवर चिकटवतो. मनात आलं, रबराचीच अक्षरं केली तर? रेती सांडणार नाही, घर घाण होणार नाही. दोन रविवार घालवून मी उरलेल्या तुकड्यांतून पूर्ण ए ते झेड केली, तळहाताएवढी एकेक, कडा कानशीनं घासून गुळगुळीत. कुठे टोचू नये म्हणून प्रत्येक अक्षर आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघितलं. मुलगी रोज त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि मग वहीत लिहायची. मी तपासायचो आणि सही करायचो.

पहिले आय, टी, एच. तीनही चांगले आले. वहीत स्टार मिळाला. मग एल, ई आणि एफ आले. चौथ्या दिवशी डायरीत लाल शाईत लिहून आलं : भेटा.

तिच्या मॅडम तुमच्यासारख्या उंच नाहीत, वयानं माझ्याहून लहानच असतील, पण त्यांच्यासमोर माझे हात आपोआप मागे गेले. "सर, बेबी के एल, ई, एफ, सब उल्टे जा रे. घर पे प्रॅक्टिस कौन कराते?" मी म्हणालो, मीच. "आप रोज साइन कर रे ना? देखे नहीं?" त्यांनी वही उघडून दाखवली. ठिपक्यांवरून गिरवलेल्या ओळी बरोबर होत्या; मोकळ्या जागेतला प्रत्येक ई भिंतीकडे तोंड केल्यासारखा उलटा. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही, तारखेसकट. बाई, मला खरंच दिसलं नव्हतं. पान माझ्याच हातात होतं आणि मला ते बरोबर दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, आधी डोळे दाखवा, मग एका डॉक्टरांचा नंबर देते, अशा मुलांना ते बघतात. "लेटर डे को बेबी को लिखने को नहीं देंगे. फ्लावर बना देंगे, बाजू में खड़ी रहेगी. यू.के.जी. का बाद में देखेंगे." मुलगी बाजूलाच उभी होती. ती खुशीनं म्हणाली, "मी फ्लावर!"

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर तो तक्ता असतो ना, सगळे ईच, कुणाची तोंडं वर, कुणाची खाली, कुणाची डावीकडे. मूल हाताच्या बोटांनी दिशा दाखवतं. हिनं अगदी खालच्या ओळीपर्यंत एकही चुकवली नाही. डॉक्टर म्हणाले, नजर कडक आहे, आणि सहज गमतीनं विचारलं, "इनमें असली ई कौनसा है, बेटा?" तिनं क्षणाचाही विचार न करता डावीकडे तोंड असलेल्यावर बोट ठेवलं. "ये हमारे घर का ई है." डॉक्टर हसले. मी तडक निघालो. घरी येऊन मी कपाटातून रबराचा ई काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या परक्या माणसासारखं त्याच्याकडे बघितलं. शिक्क्याचं अक्षर उलटंच कापतात, बाई, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. संगणकावर उलटं करायची खूण आमच्याकडे कायम लावलेली असते. ती काढायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दिवसभर मी रबरावरचा उलटा मजकूरच वाचतो, त्यातल्याच चुका काढतो. माझ्या डोळ्याला दोन्ही सारखंच झालंय. आणि आय, टी, एच उलटे केले तरी तसेच राहतात, म्हणून पहिल्या तिनांत कुणालाच काही कळलं नाही. दुकानाच्या मालकांना सांगितलं, तर ते चहा सांडेपर्यंत हसले. "क्या मियाँ, चार साल की बच्ची का भी शिक्का बना दिए?"

मी हसलो नाही. मला त्या दिवशी आमच्या चौथीचा वर्ग दिसत होता. तुम्ही फळ्यावर 'आशीर्वाद' लिहिलात आणि 'शी' ऱ्हस्व काढलीत. मी पुस्तकाशी ताडून बघितलं, पुस्तकात दीर्घ होती. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तुमच्याजवळ येऊन कसंबसं सांगितलं. तुम्ही डबा बंद केलात, मला वर्गात नेलंत, खडू माझ्या हातात दिलात. मी दुरुस्त केलं. तुम्ही वर्गाला म्हणालात, "माझं चुकलं. सगळ्यांनी नीट करून घ्या." शेजारच्या तुकडीतही तुम्ही तोच शब्द लिहिला होतात; तिथेही मला घेऊन गेलात आणि तिथेही तेच म्हणालात. मला वाटलं आता शाबासकी मिळेल. तर व्हरांड्यात तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "तुला कालच दिसलं होतं ना? मग काल का नाही बोललास? चाळीस पाट्या चुकीचा शब्द घेऊन घरी गेल्या." तुम्ही चिडला नव्हतात, म्हणून ते जास्त लागलं. शाळा सोडली तेव्हा शुद्धलेखनाच्या नियमांची ती बारीक पुस्तिका तुम्ही मला घरी आणून दिलीत. मराठी गिऱ्हाइकांचे शिक्के मी अजून तीच बघून करतो.

तर मी अक्षरं नव्यानं कापली, या वेळी सुलटी. मुलगी रडली. "बाबा, हे उलटं आहे, माझं दे." सहा दिवस आम्ही घासलं. ती चुकली की मी पट्टी घेऊन पुढे सरकायचो, मी सरकलो की ती आणखी चुकायची. बायकोनं शेवटी मला स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसवलं आणि स्वतः सराव घेतला. तेव्हा कुठे ई वळला. सातव्या दिवशी, काल शनिवारी, मी वही घेऊन शाळेत गेलो. मनात वाक्य तयार होतं : मॅडम, चूक मुलीची नाही, तो संच मी केला आणि मीच उलटा केला.

शाळा सुटायची वेळ होती. फाटकापाशी वर्गातल्या चार-पाच आया उभ्या होत्या. मॅडमनी वही बघितली, खूश झाल्या. मी म्हणालो, मुलीत दोष नव्हता, घरी गिरवायला जी रबरी अक्षरं होती ती उलटी होती. "अय्यो! कहाँ से लिए सर, ऐसे लेटर्स?" सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या एक बँकेत आहेत, एक कॉलेजात शिकवतात. मला तो प्रवेशाचा दिवस आठवला, खुर्चीचा स्क्रू आठवला, आणि माझ्या तोंडून निघालं, "वो... कोने वाली गाड़ी से." पुढचं वाक्य मनात होतं, ते तिथेच राहिलं. मॅडम म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. मुलीचं फूल रद्द झालं, शुक्रवारी ती फळ्यावर लिहिणार आहे. मुलीनं विचारलं, "मग माझ्या पाकळ्या?" मी तिला उचलून घेतलं आणि रस्ता ओलांडताना दोनदा चुकीच्या बाजूला बघितलं.

बाई, शाळेच्या कोपऱ्यावर हातगाडी खरंच आहे. एक म्हाताऱ्या मावशी पाट्या, खडू, प्लास्टिकची अक्षरं, वह्यांची कव्हरं विकतात. माझ्या मुलीला त्या 'ओ बंगारू', म्हणजे सोन्या, म्हणून हाक मारतात आणि प्रत्येक वेळी एखादा खडू फुकट देतात. खोटं बोलताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच होत्या, दुसरी गाडी मला आठवलीच नाही. काल संध्याकाळी वर्गाच्या मोबाइल-ग्रुपवर मॅडमनी लिहिलं, पालकांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून अक्षरांचे संच घेऊ नयेत, ते उलटे निघालेत, एका मुलीला त्रास झाला. खाली अकरा अंगठे. एका आईनं लिहिलं, "थँक यू सर, आम्हीपण तिथूनच घेतलाय. उद्या पाचला जाऊन परत करते, आणि त्यांना चांगलं विचारते." दुसरी म्हणाली, मीही येते. मी त्यांच्या आभाराला हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते टाकायची काही गरज नव्हती.

आज रविवार. बायको मुलीला घेऊन तिच्या आईकडे गेलीये. ग्रुपवर टाकायला मी चार ओळी लिहून ठेवल्यात : तो संच विकत घेतलेला नव्हता, मी स्वतः केला होता, मी शिक्के करतो, माझ्या हातून उलटा झाला, गाडीवरच्या मावशींचा काही दोष नाही. 'मिस्टेक'चं इंग्रजी स्पेलिंग तीनदा बघितलं. 'अपॉलजी'त एकच एल की दोन, तेही बघितलं. एकच. सगळं बरोबर आहे. आता पावणेपाच झालेत आणि त्या ओळी अजून माझ्याच फोनमध्ये आहेत. हे पत्र मी इतकं लांबवलं, बाई, ते बहुतेक त्या ओळी पाठवायला लागू नयेत म्हणूनच.