राजुरीच्या लग्नाचं वजन

सर,

परवा राजुरीहून येताना कळंबच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि घरी न जाता तिथल्याच बाकावर बसून राहिले. खूप दिवस उचललेलं ओझं कुणीतरी हातातून काढून घ्यावं, तसं झालं होतं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. घरच्यांना सांगितलं असतं तर त्यांनी "बरं झालं" म्हटलं असतं. काय होता होता राहिलं, हे तुम्हालाच कळलं असतं.

मंचरच्या तुमच्या कापडाच्या दुकानावरची ती खोली आठवते. खाली तुमचे भाऊ साड्या उलगडून दाखवायचे आणि वर तुम्ही लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जोडत बसायचा. तुमच्या आई खालून मारवाडीत जेवायला हाक मारायच्या, तुम्ही मारवाडीतच "आलो" म्हणायचा आणि तासभर उठायचा नाहीत. मी लोणीहून शिकायला यायची तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की बटण दाबलं की चित्र येतं. पहिल्याच वर्षी मी कळंबच्या एका साखरपुड्याच्या कॅसेटवरच दुसऱ्यांचं जावळ रेकॉर्ड केलं. कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी सरकवली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, हे तुम्ही दहादा सांगितलं होतं. मी कॅमेऱ्याला दोष द्यायला लागले तर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मशीन विसरत नाही. तू विसरलीस. चल, जाऊन सांगू." मला स्कूटरवर मागे बसवून कळंबला नेलंत. मुलीच्या आईसमोर मी उभी, जमिनीकडे बघत. तुम्ही माझ्या वतीनं एक शब्द बोलला नाहीत. मी सांगेपर्यंत थांबलात. त्या बाई चहा टाकायला आत गेल्या. चहा झाल्यावर कप मी स्वतः विसळून ठेवला, सर.

पुढे माझं लग्न ठरलं. सासरी हे काम बंद पडणार, हे धरूनच मी शेवटचा दिवस म्हणून आले, तर तुम्ही मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क हातात दिलीत. मी तोवर तसली डिस्क लांबूनच पाहिली होती. "आता कॅसेट संपली. घरात बसून काम करता येतं," म्हणालात. आणि लगेच, जणू कौतुक केल्यासारखं होऊ नये म्हणून, "मूळ शूटिंग दोन ठिकाणी ठेवायचं. एका ठिकाणी ठेवलेलं नसल्यातच जमा."

आता ते मूळ शूटिंग किती जड झालंय, याचा तुम्हाला अंदाज येणार नाही. तीन कॅमेरे, दोन दिवस, चित्र इतकं स्वच्छ की मंगलाष्टकांच्या अक्षता मोजाव्यात. एका लग्नात अख्खी डिस्क भरते. माझा कॉम्प्युटर ते चालवायला गेला की कुथतो, पंखा गरगरतो, चित्र जागच्या जागी थिजतं. म्हणून मी आधी सगळ्या शूटिंगच्या हलक्या प्रती करते, लहान आणि जराशा पुसट. एडिटिंग त्या प्रतींवर करायचं आणि शेवटी कॉम्प्युटरला मूळ फाइली दाखवायच्या. मग पूर्ण झालेली फिल्म स्वच्छच निघते. प्रती तयार व्हायला लावते आणि स्वयंपाकाला लागते. भाकऱ्या होतात, भाजी होते, तरी निम्म्याच झालेल्या असतात. काम संपलं की हलक्या प्रती पुसायच्या आणि मूळ ठेवायचं. इतकं सोपं आहे.

राजुरीच्या मुलीचं लग्न मी गेल्या हंगामात केलं. तिचे वडील बैलगाडे पळवतात त्या शर्यतीच्या घाटात माइकवर बोलतात, म्हणजे बोलायचे. जुन्नर-आंबेगावात त्यांचा आवाज माहीत नाही असा माणूस विरळा. लग्नानंतर सात महिन्यांनी मुलीचा फोन आला.

"ताई, आमच्या लग्नाचं समदं शूटिंग हाय ना तुमच्याकडं? फिल्म न्हाई, समदं."

"आहे की. काय झालं?"

"आण्णांचं घशाचं ऑपरेशन झालं. आता बोलता येत न्हाई त्यास्नी." पुढे म्हणाली, "घाटातला आवाज लई लोकांच्या मोबाइलात हाय, ताई. पण तो वरडतानाचा. घरात ते लई हळू बोलायचे. पाठवणीला गाडीपाशी माझ्याशी बोलले व्हते, तेवढंच कुठंतरी आसंल. फिल्ममधी तिथं गाणं लावलंय तुमी."

लावलं होतं. पाठवणी म्हटलं की गाणं लावायचंच, मूळ आवाज बंद करून. "संध्याकाळपर्यंत काढून ठेवते," म्हणाले आणि डिस्क लावली. राजुरीचं जड फोल्डर नव्हतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी जागा करायला मी पुसापुशी केली होती. दोन फोल्डरांची नावं जवळजवळ सारखी, आणि मी हलक्याऐवजी जड पुसलं होतं. दुसरी प्रत? डिस्का भरल्या होत्या, नंतर करू म्हणाले होते. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, पण त्या जागेवर नंतरची दोन लग्नं चढली होती. भर दुपारी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

कळायला मला तास लागला, सर. मूळ चुकून गेलं, म्हणजे हलकं चुकून राहिलं असणार! प्रती करताना चित्र लहान होतं, आवाजाला मी हात लावत नाही. परत येऊन दुसरं फोल्डर उघडलं. पाठवणी सापडली. पुसट गाडी, पुसट फुलं, मुलीच्या खांद्यावर हात ठेवलेला एक पुसट माणूस. आणि आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा:

"पुढं बस, मागं बसली की मळमळतं तुला. लिंबू दिलंय पिशवीत. पोचली की फोन कर. न्हाई केला तरी चालंल, मी करतो."

बस, एवढंच.

पेन ड्राइव्ह कुरिअरनं पाठवता आला असता. मी एसटीनं राजुरीला गेले. मुलगी माहेरी आली होती. बसायच्या आधीच तिला सांगितलं, की मूळ शूटिंग माझ्या हातून पुसलं गेलं, चित्र पुसट आहे, आता याहून चांगलं कधीच मिळणार नाही.

"चित्राचं काय करायचंय, ताई? आण्णा समोर हायेत की," ती म्हणाली. "आवाज हाय ना?"

आण्णा ओट्यावर बसले होते, गळ्याला पांढरा रुमाल. तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, एकेका शब्दाबरोबर. संपलं तसं त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा लिंबाच्या वाक्याला ते हसले, खांदे हलवून, आवाजाशिवाय. मुलगी रडत हसत म्हणाली, "आण्णा, त्या लिंबाचं सरबत सासूबाईंनी पिलं." मग त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

हे पत्र मंचरला तुमच्या घरी नेऊन देता आलं असतं. तुमच्या पत्नी अजून तिथेच असतात, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं असतं. पण देणार नाही, कारण एक गोष्ट राहिलीये आणि ती त्यांना कळावी असं मला वाटत नाही. राजुरीत सगळे मला देवमाणूस समजले. आणि त्या दुपारी, कॉम्प्युटरसमोर तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा, सर, माझ्या मनात ना आण्णा आले ना ती मुलगी. आपलं नाव खराब होता होता वाचलं, एवढंच आलं. बाकीचं सगळं नंतर.