कढईसमोर सगळ्यांनी बसावे

मी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात काचा घासणे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी रागात आहे, त्याला दाखला लागत नाही. मला कोणी फूस लावलेली नाही. याआधीचे मृत्युपत्र कोणी पुढे आणलेच, तर ते खोटे समजावे.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते संपूर्ण, स्वयंपाकघरासह, माझ्या धाकट्या सुनेला द्यावे. धाकटा मुलगा गेल्या वर्षी गेला. आता मी डोळे मिटले की थोरला घर विकायला काढेल आणि तिला माहेरची वाट दाखवेल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून हा खटाटोप.

कलम २. कारणही लिहून ठेवते, म्हणजे नंतर "म्हातारीला भ्रम झाला होता" म्हणायची सोय नको.

आमच्या घरी अनारसे होतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. खसखशीवर थापून तुपात सोडलेला अनारसा उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून त्याचा चुरा होतो. त्याला अनारसा हसला म्हणतात. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच घाण्यात सगळे हसले. आदल्या दिवशी वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, "गोड कमी वाटतंय" म्हणत पिठात मूठभर गूळ कोंबला होता. मी पाहिलं होतं. तसं सांगितलंही. तर वन्संच उलट म्हणाल्या, "नव्या नवरीची नजर लागली! कशी टक लावून बघत होती कढईत!" सासूबाई मला म्हणाल्या, "तू बाहेर बस बाई." झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हापासून कढई चढली की मी जिन्याखालच्या लाकडी स्टुलावर. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासायच्या आणि घरी येऊन वाईट नजरेची म्हणून बाहेर बसायचं. पुढे घर माझ्या पैशाचं झालं, तूप माझ्या पैशाचं झालं, तरी स्टूल सुटलं नाही. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, दोन तासांचा तर प्रश्न." जाऊ दे, जाऊ दे करत त्याचं आयुष्य गेलं आणि माझंही. तो गेल्यावर मी स्टूल माळ्यावर फेकलं आणि कढईपुढे ठाण मांडलं.

गेल्या महिन्यात थोरल्याने ते खाली काढलं. वन्संचा हुकूम! "नवऱ्याला गिळून बसलीय, हिची नजर नको कढईवर." हे माझ्या धाकट्या सुनेला! आणि माझा मुलगा स्टुलावरची धूळ पुसत मला सांगतो, "आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे. काय बिघडतं?" बापाचेच शब्द. बिघडतं रे गाढवा, सगळं बिघडतं! पोरगी उठून जिन्याखाली जाऊन बसली, ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

कलम ३. वन्संना मागची खोली तहहयात, दोन्ही वेळचे जेवण आणि औषधपाणी. त्यांना घराबाहेर काढू नये, ते पाप माझ्या माथी नको. शिवाय वर लिहिलेले स्टूल त्यांना पूर्ण मालकी हक्काने द्यावे.

कलम ४. कढई व झारा धाकटीचे. वन्सं मागायला येतील. देऊ नये.

कलम ५. थोरल्याला स्वतःचे घर आहे, त्याला बँकेतली ठेव द्यावी. अट एकच. मी गेल्यावर महिन्याच्या आत धाकटी अनारसे तळेल, तेव्हा त्याने व वन्संनी कढईसमोर बसावे आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत डोळे उघडे ठेवून बघावे. हसले तर हसलेले मुकाट्याने खावेत. तो बसला नाही तर ठेवही धाकटीची.

अंमलबजावणी शेजारच्या शिंप्याने करावी. माप घेताना तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर
दिनांक : अकरा फेब्रुवारी
(सही)

साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. शिंपी (सही)

साक्षीदारांची नोंद, शिंप्याच्या हातची : बाईंनी आमच्यादेखत, शुद्धीत सही केली. त्यानंतर त्यांच्या धाकट्या सूनबाई अनारसे तळायला बसल्या आणि बाईंच्या हुकमावरून आम्ही दोघे कढईत बघत राहिलो. चौथा अनारसा हसला. सूनबाई दचकून उठल्या, कोणी काही म्हणायच्या आत दाराकडे निघाल्या. बाईंनी हाताला धरून त्यांना परत खाली बसवलं, चुरा स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गूळ जास्त झालाय गं. थोडं तांदळाचं पीठ मिसळून घे."