पाळण्यासाठी बारीक पावलं

२ एप्रिल, नांदेड
आक्काला लातूरला मुलगी झाली! मी मावशी. अण्णांना, आमच्या वडिलांना, पहिली आठवण पाळण्याची. घरातल्या लेकरांचे पाळणे तेच हातानं कोरतात. औंदा उजवं मनगट मोडलेलं. म्हटलं, माझी सीएनसी, संगणकावर चालणारी कोरायची मशीन, कोरेल. "मशीनला काय हात हायेत का?" अण्णा म्हणाले.

४ एप्रिल
अण्णांनी डाव्या हातानं मोर काढून दिला. वाकडा, पण त्यांचाच. हलक्या फळीवर कोरून बघितला. मोटार खडखडली, मोराच्या मानेला करवतीसारखे दाते. अण्णा : "मोर हाय का सरडा?" दोघंही हसून बेजार.

५ एप्रिल
मायक्रोस्टेप ३२ वर नेलं. म्हणजे मोटारीच्या एका पावलाचे बत्तीस तुकडे. खडखड गेली, गुणगुण आली. मान लोण्यासारखी. अण्णा तिच्यावर बोट फिरवत राहिले.

७ एप्रिल
सागवान लावलं. तुऱ्यापाशी गाठ आली, मोटार अडली, पुढची सगळी नक्षी सरकली. डोकं एकीकडे, धड एकीकडे. पाऊल जितकं बारीक, तितका त्या पावलात जोर कमी. वाचलं होतं, पण... रडले. अण्णा दारात. "माझ्या बी लई फळ्या गेल्या, माय." दुसरी फळी स्वतःच काढून दिली.

९ एप्रिल
३२ सोडलं, ८ धरलं. वेग कमी. एकदम खोल नाही, थरावर थर. थोडी थरथर, पण गाठ पार! मोर पुरा!! मानेवर किंचित दाते राहिले. अण्णा पॉलिशपेपर घेऊन बसले, डाव्या हातानं, शिट्टी वाजवत.

१३ एप्रिल, लातूर
बारसं. टेम्पोत पाळणा अन् पाण्याचे कॅन. इथं नळ कोरडे. पाहुण्यांत उदगीर जिल्हा होणार का, यावर जुंपलेली. आक्काच्या सासूबाई : "जिल्हा होईल तवा होईल, आधी पोरीचं नाव ठिवा!" गौरी. पाळण्यात टाकताच झोपली. कुणीतरी विचारलं, कुणी कोरला? अण्णा : "आमी दोघांनी." मी स्वयंपाकघरात पळाले.

१५ एप्रिल, नांदेड
अण्णांनी सकाळीच शिसवाची फळी आणली. वर पेन्सिलीनं हंस. "ह्याला किती तुकडे करतीस पावलाचे?" शिसव सागवानाहून कडक. आठ जमतील? चार? हंसाची मान तर मोराहून नाजूक. म्हटलं, ठाऊक नाही. "मंग लाव की," अण्णा म्हणाले, आणि मशीनचं बटण स्वतःच दाबलं.