शिवण बाहेरून

ता. ४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

प्रकृतीचं एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. छातीच्या ऑपरेशननंतर किमो आणि किरणांचा शेक, दोन्ही एकदम सुरू केलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकत्र घेतलं की थकवा जास्त आणि कातडीही जास्त पोळते. मी म्हटलं, चाळीस वर्षं इस्त्रीशेजारी काढली, मला पोळण्याचं काय सांगता.

शेकासाठी अंगावर शाईच्या खुणा केल्या होत्या. मी घरी येऊन घासून काढल्या. खडूच्या खुणांसकट कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायची माझी रीत नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने कपाळावर हात मारला. पुन्हा मापं घेण्यात तास गेला. बेतायच्या आधी खुणा पुसू नयेत, हे एका शिंपिणीला शिकवायची वेळ आली.

लोभ ठेव, काळजी ठेवू नकोस.
अक्का

ता. १२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून फक्त तुझ्या अक्षराबद्दल विचारते. ते जन्मापासून वाकडंच आहे, पण या खेपेला ओळीवरून घसरलंय. मी रोज साठ पोरांच्या वह्या तपासते, मला कळतं. बोटांना काय झालंय? इथे माझे अहो म्हणतात, अक्का खरं सांगायची नाही. मी पैज लावलीय, सांगेल. मला हरवू नकोस.

तुझी,
चिमणी

ता. २४ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

जिंकलीस पैज. बोटं किमोने बधिर झालीत. सुई हातातून पडते आणि पडलेली कळत नाही. दोरा ओवायला शेजारीण लागते, ती ओवताना जीभ बाहेर काढते, ते बघवत नाही.

शेकाच्या जागी, काखेखाली, कातडी सोलून ओली झालीय. ब्लाउजची शिवण तिथेच घासते. माझीच शिवण, बारीक आणि घट्ट. चार पावलं चालले की बसावं लागतं.

पंचविसातले पंधरा शेक झाले. परवापासून गेले नाही. पुरे झालं. डॉक्टरीणबाईंना काही सांगितलेलं नाही, उगाच बोभाटा नको. तूही करू नकोस.

अक्का

ता. २७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग राग आला, मग शिवायला बसले.

माझ्या पहिल्या फ्रॉकची कॉलर तू सात वेळा उसवायला लावलीस. आठव्या वेळी मी कात्री फेकली, तेव्हा म्हणालीस, अर्धवट शिवलेला कपडा ना अंगात जातो, ना पुन्हा कापड होतो. आता तूच कात्री फेकतेस?

उद्याच्या उद्या जा आणि सगळं दाखव. बोटं, कातडी, थकवा, सगळं. डॉक्टरीणबाई काही तुझ्या गिऱ्हाईक नव्हेत, त्यांच्यापासून फसलेलं काम लपवायला.

सोबत बंडी पाठवतेय. जुनी चादर चार वेळा धुऊन मऊ केली. शिवणी सगळ्या बाहेरून आहेत, पुढे नाड्या आहेत. डावी बाजू दोन बोटं ढिली झालीय. हसायचं तर घालून हस. शेक अर्धवट सोडणार असलीस तर मात्र परत पाठव.

चिमणी

ता. २३ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गेले होते. डॉक्टरीणबाईंनी लहान पोरीसारखं झापलं. कातडीला मलम दिलं, किमोचं औषध थोडं कमी केलं, चार दिवस शेक थांबवला आणि मग पुन्हा सुरू केला. म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर इतकं सोसावं लागलं नसतं. बोटं सुधारायला महिने लागतील म्हणे, पुरती सुधारतील याची हमी नाही. परवा पंचविसावा शेक झाला. खुणा अजून पुसलेल्या नाहीत, मशीनवाल्याला विचारून पुसेन.

बंडी मिळाली. गळा तिरका, नाड्या एक लांब एक आखूड, टाके असे की मुंग्यांची वरात वाट चुकलीय. रोज घालून गेले. रांगेतल्या एका कंडक्टरबाईने तशीच मागितलीय, माप सोबत आहे. हो म्हणून बसले, तेव्हा कामाला लाग.

डाव्या बाजूचं म्हणशील तर ऑपरेशनपासून माझं अंगही दोन्हीकडे सारखं नाही. माझे मोजून शिवलेले सगळे ब्लाउज तिथे चुकले. तुझी चूक बरोबर बसली.

उसवायला लावणार नाही.

लोभ आहेच, तो वाढवून मला आणखी कामाला लावू नकोस.
अक्का