आंदणाच्या गाईचं रक्त

टेंभुर्णी,
८ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

मी चतुराबाई, तुझ्या बापाची आई. दिवाळीपासून मला तुझा फोन न्हाई, म्हणून ओळख करून दिली. शेजारची पुष्पाबाई लिहून राह्यली. मला अक्षर येत न्हाई, आणि फोनवर बोलावं तर तुझा बाप कान लावून बसतो.

सगळे बरे आहेत. कापूस वेचून होत आला. गाय दोन्ही वेळा बराबर दूध देती.

बाप सांगत होता, तू अडचणीत आहेस. लम्पी रोगातून वाचलेल्या दोन गाईंचं रक्त तू कॉलेजच्या संशोधनासाठी नेलंस. एक आपली, एक तीर्थपुरीची, माझ्या भावाच्या गोठ्यातली. दोघी माझ्या आंदणाच्या गाईच्याच वंशातल्या, असं मीच तुला सांगितलं. आता मायीकडून लेकीकडं येणारा रक्तातला धागा दोघींचा जुळत न्हाई, अन् तुझे सर म्हणतात, तू नळ्यांची अदलाबदल केलीस, सगळे नमुने फेक.

फेकू नकोस. नळ्या तू बदलल्या न्हाईस. गाय मी बदलली.

बाहत्तरच्या दुष्काळात लग्नातली ती गाय मी चाऱ्यासाठी माहेरी नेल्ती. तिथं करपलेली कोवळी ज्वारी खाऊन, विष बाधून ती मेली. पिती कालवड तेवढी भावाकडं राह्यली, तीर्थपुरीची गाय तिच्याच वंशातली. माझ्या सासूबाई आधीच म्हणायच्या, "तुझ्या माहेरचं काही टिकत न्हाई." मंग भावानं परतूरच्या बाजारातून तशीच लाल गाय आणली. मेलेलीची घंटा तिच्या गळ्यात बांधून मी घरी आले. सासूबाईंनी तिला जुन्याच नावानं हाक मारली.

बावन्न वर्षं ही लबाडी घरात कुणाला दिसली न्हाई. तुला थेंबभर रक्तात दिसली. शाबास, बाई. गाय अन् शेळी एकाच पूर्वजातून वेगळ्या व्हायच्या आधीची, रोग ओळखायची खूण अजून गाय-शेळी दोघींच्या रक्तात सापडती, असं तू गोठ्यात सांगत होतीस तेव्हा मी हसले होते. कोट्यवधी वर्षांमागची सोयरीक काढणारीपुढं आजीचं काय चालणार?

तूच म्हणालीस, कळपात अशा खुणा जितक्या निरनिराळ्या, तितका कळप तगतो. म्हणजे परतूरवालीनं आपल्या गोठ्याचं भलंच केलं. मी बी या घरात बाहेरूनच आल्ते की.

हे पत्र सरांना दाखव. तुझ्या बापाला मी सांगीन, जरा हिंमत येऊ दे. आजोळची म्हणून तो रोज त्या गाईच्या पाया पडतो.

खाली अंगठा उमटवते. जन्मात पहिल्यांदा खऱ्यावर.

तुझी आजी

उत्तर लिहू नकोस, ते बापच वाचून दाखवंल. राग असंल तर चिक्की पाठव. मला दात न्हाईत, समजून जाईन. राग गेला असंल तर मऊ मावा केक पाठव, अन् एक पुष्पाबाईसाठी जास्तीचा टाक. तिला माझं गुपित गिळायचंय.