माइक नको

१३ ऑगस्ट

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

परवाच्या रविवारची खरी किंमत सांगतो: गळ्याजवळचं बटण, चष्म्याची एक काडी आणि तुझ्या भाचीचा विश्वास. उपासनेत स्तोत्र वाचायला उभा राहिलो. त्याआधी मीच सगळ्यांना ऐकवलं होतं, मला माइक नको, गॅरेजात चार चालू इंजिनांवरून माझा आवाज जातो. दुसऱ्याच ओळीला छाती धडधडायला लागली, गळ्याचं बटण ओढून तोडलं, आणि मी चष्मा पाडून भर मंडळीतून बाहेर पळालो. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही नुसती धास्ती. हे तर जास्तच लाजिरवाणं. इंजिनाला पेचकस टेकवून दांड्याला कान लावला की दुखणं ओळखणारा मी, स्वतःच्या छातीतलं मला कळलं नाही.

आता नातीच्या बाप्तिस्म्याला प्रार्थना मी करायची आहे. लेक म्हणते, जमणार नसेल तर सासऱ्यांना सांगते. हो म्हणू का?

मान खाली घातलेला,
तुझा भाऊ

१७ ऑगस्ट

प्रिय भाऊस,
अनेक आशीर्वाद.

हो म्हणालास तर गाठ माझ्याशी आहे. कशालाच घाबरत नाही म्हणणारा तू, पाल दिसली की हाक मलाच मारायचास. इतकी वर्षं नर्स होते, तरी ऑपरेशनच्या खोलीत शिरताना मलाही धास्ती वाटायची. तेव्हा आई करायची तेच करायचे. दमा उसळला की ती श्वास घेताना मनात 'प्रभू' म्हणायची, सोडताना अगदी सावकाश 'तू आहेस'. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण तू लगेच उघडतोस का? मग स्वतःलाही निवू दे. आणि देवाला खरं सांग, घाबरलोय म्हणून. त्याच्यापुढे फुशारकी चालत नाही. लेकीलाही सांग.

तुझीच,
ताई

२ सप्टेंबर

प्रिय ताईस,
सलाम वि. वि.

रोज गॅरेजचं शटर उघडण्याआधी आईचं ते श्वासाचं करतो. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाळंतपणाआधी तिलाही असंच व्हायचं, पण तुमच्यासारख्या वाघाला सांगणार कसं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके कान तीक्ष्ण, आणि घरातलंच ऐकू आलं नाही.

काल उभा राहिलो. धडधड आलीच. थांबलो, श्वास घेतला, सोडला. तो होता. प्रार्थना शेवटपर्यंत केली. लेकीने हात धरला होता.

माया आहे तशीच राहू दे, रागवायचं ते भेटीत.

तुझा भाऊ

ता. क. माइक समोर होता, चालूही होता. तरी इतक्या हळू बोललो की मागच्या बाकांवर एकही शब्द पोचला नाही.